प्रश्न सातवा

वैरागडे सरांनी माझं शीर्षक
साध्या पेन्सिलीनं खोडलं.
'विदर्भातील सिकलसेलग्रस्त बालकांचे जीवनमान
आणि त्यावर परिणाम करणारे विविध घटक.'
म्हणाले, हा प्रश्न नाही, ही जनगणना आहे.
विदर्भात जिल्हे किती?
अकरा, म्हटलं.
आणि तुझ्याकडे वर्षं?

मग विदर्भ काढला, नागपूर ठेवलं.
'जीवनमान' काढताना जरा जिवावर आलं,
तो शब्द लिहिला की आपण चांगले डॉक्टर वाटतो.
'घटक' मात्र हलेना.
कितीही खोडा, वाक्याच्या शेवटी येऊन बसायचा,
ओपीडीच्या बाकावर चिठ्ठी न काढता बसलेल्या
कुणाच्या तरी मामासारखा.

एप्रिल. त्रेचाळीस.
वॉर्डातल्या कूलरची टाकी कोरडी,
तो नुसताच मेडिकल चौकातली धूळ आत ओढत होता.
चौदा नंबरच्या खाटेवर मयुरी नैताम,
वय अकरा, तालुका कुही,
होळीपासून तिसऱ्यांदा.
"हाडात बाभळीचा काटा फिरून राह्यला," म्हणाली,
आणि मी लिहिलं : वेदना, दहापैकी नऊ.

सलाईन लावून नेहमीचं विचारलं.
गोळी चुकली? नाही.
ताप? नाही.
पाणी किती पितेस?
तिनं आईकडे पाहिलं.

"घरी पेते ना मॅडम. शाळेत नाही पेत."
"काहून?"
(माझ्याही तोंडून वर्ध्याचं घर निघालं.)
"पाणी पेलं का जा लागते.
ह्या पोट्टीले त घडीघडी जा लागते.
अन् संडासाले कुलूप राह्यते."

घडीघडी का, ते मला पाठ होतं.
या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही,
दोन मार्कांची टीप.
कुलूप कुठल्याच आवृत्तीत नव्हतं.

त्या रात्री ड्युटी रूममध्ये,
एका रद्द झालेल्या केसपेपरच्या पाठीवर :
कुणात? दहा ते चौदा वयाच्या, सिकलसेल असलेल्या मुलींत.
कशाशी ताडून? उघडा संडास, बंद संडास.
काय मोजायचं? दुखण्यासाठी भरती झालेल्या वेळा.
कधी? फेब्रुवारी ते एप्रिल, शाळा सुटेपर्यंत.
चार ओळी झाल्या, आणि पाचव्या ओळीत
'घटक' शब्दाला बसायला जागाच उरली नाही.

संख्याशास्त्राचे बोपचे सर म्हणाले, फरक केवढा धरायचा?
मी मयुरीच्या तीन भरत्या सांगितल्या.
एका पोरीवर नमुना बसत नाही, म्हणाले,
आणि मला एकशे शहाऐंशी मुली शोधायला लावल्या.
चिडले. पण बरोबर होतं त्यांचं.

वैरागडे सरांनी कागद दोनदा वाचला.
"आणि उत्तर नाही आलं तर?
जिथं कुलूप नाही, तिथल्या मुलीही
तेवढ्याच वेळा तुझ्या वॉर्डात आल्या तर?"
मला कुलपाचा राग होता, ते त्यांना दिसलं असावं.
खिडकीबाहेर कुणी स्ट्रेचरचं चाक ठोकून बसवत होतं,
ते थांबेपर्यंत मी काही बोलले नाही.
मग म्हटलं, तर तसंच लिहीन.
त्यांनी पेन्सिल ठेवली, पेनाचं टोपण काढलं.

सुट्टीच्या दिवशी मयुरीच्या आईला
प्रश्नावलीचा कच्चा खर्डा वाचून दाखवला.
ती एका हातानं टिफिन आवरत, दुसऱ्यानं पोरीची वेणी धरून ऐकत होती.
सातवा प्रश्न : शाळेतल्या संडासाला कुलूप असतं का?
असतं / नसतं.

"असते न्," शेवंताबाई म्हणाल्या,
"पण किल्ली कोणापाशी राह्यते,
थे नाही पुसत का तुमी?"

मी पेन मागितलं.
माझंच, माझ्याच कानावर होतं.
लिहिलं : सात-अ.